नव्या मोटरसायकलची तीच तक्रार पुन्हा पुन्हा येते तेव्हा: चेन, हँडल, बॅटरी आणि शोरूमची फिटिंग

नवी गाडी घेतल्यावर पहिल्या काही महिन्यांत ज्या तक्रारी निघतात, त्यांतल्या बऱ्याच एकदा दुरुस्त करून संपत नाहीत. चेन सैल झाली म्हणून सर्व्हिस सेंटरला नेली, त्यांनी कसून दिली, की थोड्याच दिवसांत खडखड पुन्हा सुरू. हँडल एका बाजूला ओढतंय म्हणून सांगितलं, तर हवा चेक करून गाडी परत दिली, आणि घरी येईपर्यंत तेच. सकाळी सेल्फ मारला की नुसतं टक-टक. बॅटरी चार्ज करून दिली, पुढच्या आठवड्यात परत टक-टक. मग माणूस वैतागतो आणि 'पीसच खराब लागला' असं म्हणून हात टेकतो.

पीस खराब लागतो, नाही असं नाही. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. पण माझ्या पाहण्यात आलेल्या गाड्यांमध्ये पुन्हा पुन्हा येणारी तक्रार बहुतेक वेळा पार्टची नव्हती, फिटिंगची होती. कुठलातरी नट हवा तेवढा आवळलेला नव्हता, कुठलीतरी केबल चुकीच्या बाजूने गेली होती, चाक सरळ बसलं नव्हतं. आणि प्रत्येक फेरीला सर्व्हिसवाल्यांनी फक्त वरचं लक्षण घालवलं. सैल दिसलं ते कसलं, उतरलं ते चार्ज केलं. ते का सैल झालं, का उतरलं, हे कोणी पाहिलंच नाही. म्हणून तक्रार परत येत राहिली.

कोणता नट कोणी आवळला

कारखान्यात महत्त्वाचे नट-बोल्ट ठरलेल्या टॉर्कला (म्हणजे मोजून ठरवलेल्या जोराने) आवळतात आणि आवळून झाल्यावर त्यावर रंगाची एक बारीक रेघ ओढतात. पिवळी, पांढरी, कधी हिरवी. ही रेघ अर्धी नटवर आणि अर्धी शेजारच्या पट्टीवर किंवा बॉडीवर असते. दोन्ही भाग एका रेषेत असतील तर तो नट कारखान्यातून निघाला तसाच आहे. रेघ तुटून दोन तुकडे वेगवेगळ्या जागी दिसत असतील तर नट एकतर आपोआप फिरला आहे, नाहीतर मध्ये कोणीतरी त्याला पाना लावला आहे. नव्या गाडीत काय बिघडलंय हे शोधायला याच्याइतकं स्वस्त साधन नाही, आणि गाडी धुताना दहा मिनिटांत हे पाहून होतं.

कारखान्यातून निघालेली गाडी ट्रकमध्ये आवळून बांधली जाते, यार्डात उभी राहते, शोरूमला उतरते. तिथे आरसे बसतात, बॅटरी जोडतात, साडी गार्ड लागतं (मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारी जाळी केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ नुसार लागतेच), लेगगार्ड लागतो, नंबर प्लेट बसते. प्रवासासाठी टायरमध्ये जास्त भरलेली हवा कमी करायची असते, केबल आणि चेन तपासायची असते, टेस्ट राइड घ्यायची असते. यालाच डिलिव्हरीपूर्व तपासणी किंवा पीडीआय म्हणतात. कागदावर तिची लांबलचक यादी असते आणि प्रत्येक ओळीपुढे टिक असते.

आता पाडव्याच्या किंवा दसऱ्याच्या सकाळचं शोरूम आठवा. प्रत्येकाला मुहूर्तावर गाडी हवी. हार, नारळ, पेढे, फोटो, आणि मागे वर्कशॉपमध्ये मोजकीच पोरं एकामागून एक गाड्या बाहेर काढताहेत. त्या दिवशी प्रत्येक गाडीची यादी खरोखर तपासली जाणं शक्य नसतं, आणि याचा दोष मी त्या पोरांना देत नाही. तुम्हाला मुहूर्त साधायचा असेल तर जरूर साधा, पण गाडी आदल्या दिवशी तयार करून दाखवा असं आधीच सांगून ठेवा. ते जमलं नाही तर पूजा होऊन तीन-चार दिवसांत, गर्दी ओसरल्यावर, गाडी परत नेऊन तपासणी पुन्हा करून घ्या. पहिल्या सर्व्हिसची वाट पाहू नका. ती बहुतेक गाड्यांना ५०० ते १,००० किमीच्या आसपास असते, आणि सैल नटला तेवढं अंतर पुष्कळ होतं.

चेन कसली तरी सैल होते

सगळ्यात जास्त वेळा परत येणारी तक्रार हीच, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर.

माझ्या भाच्याने गेल्या दसऱ्याला १६० सीसीच्या वर्गातली गाडी घेतली. कोल्हापूरहून इचलकरंजीला कामाला रोज ये-जा. महिन्याभरात चेन कव्हरला घासायला लागली. सर्व्हिस सेंटरने कसून दिली. पुन्हा सैल. पुन्हा कसली, या वेळी इतकी घट्ट की मागचं चाक हाताने फिरवताना अडकत होतं, आणि तरीही ती सैल झालीच. तिसऱ्या खेपेला त्याला सांगितलं, 'नवी चेन ताणतेच, सवय होईल.'

नवी चेन सुरुवातीला थोडी ताणते हे खरं आहे. पिना आणि बुश एकमेकांत बसतात तोवर थोडा ढिलेपणा येतो. पण तो एकदा काढल्यावर पुढे बराच काळ पुरायला हवा. आठवड्या-दोन आठवड्यांनी चेन सैल होत असेल तर ती ताणत नाहीये, चाक पुढे सरकतंय, असा संशय आधी घ्यायचा.

तो संशय खरा की खोटा हे ठरवायला आम्ही घरातलं नेलपेंट वापरलं. चेन योग्य ताणावर आल्यावर दोन ठिकाणी रेघा ओढल्या. पहिली मागच्या ॲक्सलच्या (चाकाच्या मधून जाणाऱ्या दांड्याच्या) नटवरून शेजारच्या पट्टीपर्यंत, म्हणजे नट फिरला तर कळेल. दुसरी ॲडजस्टरच्या (चेन कसायला चाक मागे ओढणाऱ्या स्क्रूच्या) पट्टीवरून चिमट्यापर्यंत (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मला आपल्याकडचे मिस्त्री चिमटाच म्हणतात), म्हणजे ॲक्सल सरकला तर कळेल. दोन्ही बाजूंना. मग गाडी नेहमीसारखी चालवू दिली.

यातून तीन उत्तरं निघू शकतात, आणि तिन्हींचा उपाय वेगळा आहे.

नटवरची रेघ तुटली, म्हणजे नट फिरतोय. एकतर तो टॉर्कला आवळलेला नाही, नाहीतर नायलॉनवाला लॉकनट काढून-घालून निकामी झालाय, नाहीतर वॉशर किंवा स्प्लिट पिन बसवायची राहिली आहे. नवा नट, नवी पिन आणि टॉर्क रेंच (जोर मोजून आवळणारा पाना), एवढाच उपाय. हे अंगावर काढायचं काम नाही. मागच्या चाकाचा नट आहे तो.

नटवरची रेघ शाबूत आहे पण पट्टी पुढे सरकली, म्हणजे ॲक्सल खाचेत घसरला. भाच्याच्या गाडीत नेमकं हेच निघालं. उजवीकडची रेघ जागेवर होती, डावीकडची तुटून पुढे गेली होती. डावीकडेच का? कारण त्या गाडीची चेन डाव्या बाजूला आहे आणि प्रत्येक वेळी पिकअप घेताना चेन ॲक्सलचं ते टोक पुढे ओढते. डाव्या ॲडजस्टरचा नट तर बोटाने फिरत होता.

दोन्ही रेघा जागेवर आहेत आणि तरी चेन सैल, तर मात्र चेनच ताणली आहे किंवा तिच्यात दोष आहे. ते पुढे सांगतो.

ॲक्सल का घसरतो हे कळलं की सगळा प्रश्न सुटतो. चेन कसताना ॲडजस्टर फिरवून चाक मागे ओढतात. पुष्कळदा ते गरजेपेक्षा थोडं जास्त मागे जातं, मग ॲडजस्टर अर्धा फेरा उलटा फिरवून चेन सैल करतात आणि लगेच ॲक्सलचा नट आवळतात. पण ॲडजस्टर उलटा फिरवला म्हणून चाक आपोआप पुढे येत नाही. ते मागेच राहतं आणि ॲडजस्टर व चिमट्याचं टोक यांच्यात बारीक फट उरते. आता चाक फक्त नटच्या पकडीवर उभं आहे, मागे आधार काहीच नाही. चार दिवस झटके बसले की ते पुढे येऊन आधाराला टेकतं, आणि तेवढी चेन सैल होते.

म्हणून चेन सेट करताना क्रम असा ठेवायला सांगा. ॲक्सलचा नट नीट सैल करायचा. अर्धवट सैल नटवर ॲडजस्टर फिरवायचे नाहीत. दोन्ही बाजू सारख्या मागे घ्यायच्या. मग चाक पुढे ढकलून, किंवा मागच्या स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) आणि चेनच्या मध्ये वरच्या बाजूला कापडाची घडी धरून चाक हाताने उलटं फिरवून, ॲक्सल ॲडजस्टरवर घट्ट टेकवायचा. तसाच धरून नट टॉर्कला आवळायचा. शेवटी ॲडजस्टरचे लॉकनट. हे सगळं इंजिन बंद आणि गाडी न्यूट्रलमध्ये असताना. गाडी गिअरमध्ये चालू ठेवून चेनला ऑइल लावणं किंवा कापड धरणं यात बोटं गेलेली माणसं प्रत्येक तालुक्याच्या गावात सापडतील, कृपा करून ते करू नका.

चाक सरळ आहे की नाही हे चिमट्यावरच्या खुणांवरून पाहतात. त्या खुणा बहुतेक वेळा ठीक असतात, पण त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नका. चिमट्याच्या पुढच्या बोल्टच्या मध्यापासून ॲक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंना टेपने मोजा. दोन्ही आकडे सारखे यायला हवेत. भाच्याच्या गाडीत डाव्या बाजूला ॲक्सल चौथ्या रेघेवर होता आणि उजवीकडे पाचव्या. मागच्या स्प्रॉकेटच्या दातांची एकच बाजू घासून चकचकीत झाली होती. ही खूण कोणत्याही गाडीत दिसली तर चेन वाकडी चालतेय एवढं नक्की. चाक सरळ बसवून, वरच्या क्रमाने आवळल्यानंतर त्या गाडीची चेन आजतागायत जागेवर आहे. आणि गाडी डावीकडे ओढते ही वेगळी म्हणून लिहून घेतलेली तक्रारही त्याच दिवशी गेली.

आता चेनच दोषी असेल तर. खालच्या बाजूला दोन्ही स्प्रॉकेटच्या मधोमध चेन बोटाने वर-खाली करून ढिलेपणा मोजा, चाक थोडं फिरवून पुन्हा मोजा, असं चार-पाच जागी. कम्युटर गाड्यांना हा ढिलेपणा साधारण २० ते ३५ मिमीच्या दरम्यान सांगितलेला असतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा आणि तो साइड स्टँडवर मोजायचा की मेन स्टँडवर, हे मॅन्युअलमध्ये किंवा चिमट्यावरच्या स्टिकरवर आहे. एका जागी चेन घट्ट आणि अर्ध्या फेऱ्यानंतर लोंबती, असा मोठा फरक पडत असेल तर चेन असमान ताणली आहे किंवा स्प्रॉकेट मध्यावर बसलेलं नाही. अशी चेन कधीच नीट सेट होत नाही. सैल जागा पाहून कसली तर घट्ट जागी गिअरबॉक्सच्या आणि हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) बेअरिंगवर ताण येतो.

लांबीही मोजता येते. ४२८ नंबरच्या चेनला दोन पिनांमधलं अंतर १२.७ मिमी असतं, म्हणजे २० कड्यांची लांबी नवीन असताना २५४ मिमी. चेन ताणून धरून स्टीलच्या पट्टीने मोजा. काही हजार किमीच्या आतच ती २५७-२५८ पर्यंत गेली असेल तर 'चेन ही झिजणारी वस्तू आहे, वॉरंटीत येत नाही' हे उत्तर मान्य करू नका. झिजणारी वस्तू इतक्या लवकर झिजली तर ती मुळात खराब होती, आणि तुमच्या हातात आता आकडा आहे. त्याच वेळी हबमधले झटका शोषणारे रबर तपासून घ्या. चेन धरून स्प्रॉकेट पुढे-मागे हलवल्यावर मोकळी हालचाल आणि ठक-ठक जाणवली तर रबर बसके आहेत किंवा एखादा नीट बसवलेला नाही. हा आवाज लोक कायम चेनच्या माथी मारतात.

क्लिपवाली चेन लॉक असेल तर क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवं. उलटं बसलेलं मी नव्या गाडीत पाहिलं आहे. मागच्या ड्रम ब्रेकवाल्या गाडीत टॉर्क रॉडचा (ब्रेकची प्लेट फिरू न देणाऱ्या दांडीचा) नट आणि त्याची स्प्लिट पिनही याच वेळी डोळ्यांखालून घाला. चेन सेट करताना तो सैल करतात आणि आवळायचा राहून जातो.

हँडल ओढणं आणि ब्रेक मारल्यावर 'खट्ट'

पहिली गोष्ट, दोन्ही हात सोडून गाडी कुठे जाते ते पाहायची परीक्षा करू नका. आपले बहुतेक रस्ते पाणी वाहून जाण्यासाठी मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात, त्यामुळे डाव्या बाजूने चालणारी गाडी थोडी डावीकडे जाणारच. हलक्या हाताने धरून, सपाट रस्त्यावर, टायरमध्ये मॅन्युअलप्रमाणे हवा असताना हँडलवर सतत जोर लावावा लागतो का, एवढंच पाहा.

लागत असेल तर आधी मागचं चाक वर सांगितल्याप्रमाणे मोजा. मग गाडी मेन स्टँडवर घेऊन, मागे कोणालातरी बसवून पुढचं चाक उचला. हँडल अगदी हलक्या बोटांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मध्यभागी किंचित अडकल्यासारखं, खाच असल्यासारखं वाटलं तर कोन सेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) जास्त आवळला आहे किंवा वाहतुकीतल्या दणक्यांनी त्यात खड्डे पडले आहेत. अशी गाडी हळू वेगात नागमोडी चालते, सतत हँडल सावरावं लागतं. आता पुढच्या शॉकअपची खालची टोकं दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवा. ठक असा खेळ जाणवला तर कोन सेट सैल आहे. पुढचा ब्रेक मारल्यावर 'खट्ट' होतं ते यामुळेच.

नव्या गाडीत सुरुवातीच्या काळात कोन सेट बसून थोडा खेळ येणं नैसर्गिक आहे, म्हणून तो पहिल्या सर्व्हिसच्या यादीत असतो. पण एकदा आवळून तो परत सैल होत असेल तर वरचा लॉकनट धरलेला नाही. खालची रिंग सेट करून, ती हलू न देता लॉकनट आवळावा लागतो. घाईत दोन्ही एकत्र फिरतात. आवळून झाल्यावर पुन्हा वरच्या दोन्ही तपासण्या करायच्या, कारण लॉकनट आवळताना सेटिंग बदलतं. खड्डे पडलेला कोन सेट मात्र कितीही सेट केला तरी सुधारत नाही. तो बदलायलाच लागतो आणि नव्या गाडीत तो वॉरंटीत मागा.

चाक सरळ आणि हँडल तिरकं अशीही गाडी मिळते. ट्रकमध्ये गाडी कलंडली किंवा पट्टा एकाच बाजूला जास्त ओढला गेला की दोन्ही शॉकअप एकमेकांपासून पिळले जातात. हे बहुधा पार्ट न बदलता निघतं: पुढचा ॲक्सल आणि खालच्या क्लॅम्पचे बोल्ट सैल करून, शॉकअप दाबून-सोडून जागेवर येऊ द्यायचे आणि मग टॉर्कला आवळायचे. पण शॉकअपच्या नळीवर ओरखडा, फूटरेस्टच्या टोकाला घासलेलं, लिव्हरच्या गोळीवर चरा दिसला, तर गाडी पडलेली आहे. डिलिव्हरीच्या वेळी दिसलं तर ती गाडी घेऊच नका.

थरथर

एका ठरावीक वेगाला हँडल किंवा फूटरेस्ट झिणझिण्या आणतं आणि दर सर्व्हिसला 'इंजिन सेट होईल' एवढंच ऐकायला मिळतं, तेव्हा सरळ लेगगार्ड आणि बाहेरून लावलेली प्रत्येक ॲक्सेसरी काढायला लावा आणि त्याच रस्त्यावर त्याच वेगाला गाडी चालवा. काही मॉडेलमध्ये लेगगार्ड इंजिनच्या किंवा चॅसिसच्या माउंटिंग बोल्टवरच बसतो. म्हणजे तो लावताना कारखान्याने टॉर्कला आवळलेला बोल्ट शोरूमला सैल झाला. भोकं जुळत नसलेला लेगगार्ड पहारीने ताणून बसवला असेल तर चॅसिसवर कायमचा ताण राहतो. रंगाची रेघ इथे सगळं सांगते. थरथर गेली तर बोल्ट टॉर्कला आवळून घ्या आणि लेगगार्ड दुसरा मागा.

तारेच्या चाकांच्या गाडीत तारा सुरुवातीला बसतात. स्क्रूड्रायव्हरने प्रत्येक तारेवर हलकं वाजवा. बाकीच्या खणखणीत आणि एखादी बद्द वाजली तर ती सैल आहे.

सेल्फ न लागणं आणि मध्येच बंद पडणं

नव्या गाडीची बॅटरी पुन्हा पुन्हा उतरते याची कारणं साधी असतात. शोरूममध्ये आम्ल भरायच्या बॅटरीला जोडण्याआधी पहिलं चार्जिंग हळूहळू, काही तास द्यावं लागतं. ते न देता लगेच गाडीत बसवली की तिची ताकद कधीच पूर्ण भरत नाही. किंवा गाडी कित्येक महिने यार्डात उभी होती. उत्पादनाचा महिना आरसीवर असतो, आणि टायरवरच्या चार आकड्यांवरून आठवडा-वर्ष कळतं. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा.

साधा मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. इंजिन चालू करून थोडा रेस दिल्यावर १३.८ ते १४.५. चालू असताना आकडा चढत नसेल तर चार्जिंगची बाजू तपासायची, बॅटरी कितीही बदलली तरी उपयोग नाही. चालू असताना बरोबर आणि सकाळी १२.४ च्या खाली, तर बॅटरी कमजोर आहे किंवा काहीतरी वीज ओढतंय. बाहेरून बसवलेला अलार्म, जीपीएस, मोबाइल चार्जर आधी काढा. दोन्ही आकडे बरोबर आणि तरी टक-टक, तर टर्मिनलचे स्क्रू आणि अर्थिंगची वायर पाहा. चॅसिसच्या रंगावरच अर्थिंगचा बोल्ट आवळलेला असेल तर पकड कधी मिळते, कधी नाही.

गाडी मध्येच बंद पडते आणि सर्व्हिस सेंटरला गेल्यावर मात्र नीट चालते, ही सगळ्यात त्रासदायक तक्रार. कारण 'आम्हाला तर काही आढळलं नाही' असं लिहून गाडी परत येते. ती पकडायला तीन गोष्टी करा. इंजिन आयडलवर ठेवून हँडल दोन्ही टोकांना फिरवा. इंजिन बंद पडलं तर हँडलच्या मुळाशी वायरिंग ताणलं जातंय किंवा चिमटतंय, आणि आरपीएम वाढले तर थ्रॉटलची केबल चुकीच्या मार्गाने नेली आहे, हे धोकादायक आहे, लगेच दुरुस्त करून घ्या. खड्ड्यात बंद पडत असेल तर साइड स्टँडचं स्विच तपासा. आणि काही अंतर गेल्यावर जीव गेल्यासारखी बंद पडून थोड्या वेळाने आपोआप चालू होत असेल, तर गाडी बाजूला घेऊन पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा. हवा आत जाताना 'शूं' झालं आणि गाडी लगेच चालू झाली, तर टाकीची व्हेंटची (हवा आत घेणारी) नळी सीटखाली कुठेतरी दबली आहे.

एबीएसचा (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा गाडी चालायला लागल्यावर विझायला हवा. तो मध्येच लागत असेल तर चाकाजवळच्या सेन्सरचं अंतर, त्याची वायर आणि दातेरी रिंगला लागलेला चिखल आधी पाहावा. ऑइल ड्रेन बोल्टजवळ ओल येत असेल तर नवा वॉशर घालायला सांगा. जुन्याच वॉशरवर बोल्ट आणखी आवळत गेलं की ॲल्युमिनियमचे आटे जातात आणि छोटी गोष्ट मोठी होते.

खरोखरच पार्ट खराब असेल तर

कारखान्यातूनच चूक येते तेव्हा ती बहुधा एका गाडीपुरती नसते. मे २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डने मीटिऑर, क्लासिक आणि बुलेट मिळून २,३६,९६६ गाड्या परत बोलावल्या. इग्निशन कॉइलमध्ये दोष होता, त्यामुळे मिसिंग यायचं (इंजिन ठोके चुकवायचं) आणि क्वचित शॉर्टसर्किटचा धोका होता; कंपनीने हा दोष बाहेरच्या पुरवठादाराकडून आलेल्या ठरावीक बॅचमध्ये असल्याचं सांगितलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये क्लासिक ३५० च्या २६,३०० गाड्या मागच्या ब्रेकच्या ब्रॅकेटसाठी बोलावल्या गेल्या. म्हणून चॅसिस नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर तुमच्या गाडीवर काही रिकॉल आहे का, हे आधी पाहा. रिकॉलची दुरुस्ती फुकट असते.

रिकॉल नाही आणि तक्रार तीच येतेय, तर भांडण्याआधी कागद तयार करा. जॉब कार्डवर (सर्व्हिसला गाडी घेताना तक्रार लिहितात त्या कागदावर) 'जनरल चेकअप' किंवा 'चेन ॲडजस्ट' असं लिहू देऊ नका. 'चेन तिसऱ्यांदा सैल झाली, डावीकडे ॲक्सल पुढे सरकलेला दिसतो, गाडी डावीकडे ओढते' असं, किलोमीटरच्या आकड्यासह, तुमच्या शब्दांत लिहून घ्या. शक्य असेल तर सुपरवायझरला मागे बसवून किंवा त्याच्याच हातात गाडी देऊन तो आवाज, तो वेग, तो रस्ता दाखवा. नेलपेंटच्या रेघांचे आधीचे आणि नंतरचे फोटो ठेवा. भाच्याचं काम खरं तर तिथेच झालं: सरकलेल्या रेघेचा फोटो पाहिल्यावर वर्कशॉप मॅनेजर स्वतः टॉर्क रेंच घेऊन बसले आणि त्यांनी मन लावून काम केलं.

तरी दाद लागली नाही तर कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल, फोन नव्हे. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे तक्रार नोंदवायला पैसे लागत नाहीत. त्यापुढे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि वकील न लावता स्वतःही बाजू मांडता येते. गाडी बदलून द्या अशी मागणी करणार असाल तर निर्मितीतलाच दोष आहे हे दाखवावं लागतं, त्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल मोलाचा ठरतो. दुरुस्ती, पार्ट बदलून मिळणं आणि झालेल्या त्रासाची भरपाई ही मागणी जॉब कार्डांच्या बळावर जास्त नीट उभी राहते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, आणि थर्मल कागदावर छापलेली जॉब कार्डं त्याआधीच पुसट होतात. प्रत्येकाचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.